नाद लाकडात आधीपासून असतो का?

ताज्या तोडलेल्या ओंडक्यावर टिचकी मारली तर बोदा आवाज येतो. तेच लाकूड सावलीत नीट वाळले की टिचकीसरशी खणखणते. मधल्या काळात त्यात बाहेरून काही घातले जात नाही, फक्त पाणी निघून जाते. मग हा नाद ओल्या लाकडात दडलेला होता, की वाळल्यावर नव्याने जन्मला? भारतीय दर्शनांचा एक जुना वाद नेमका इथे येऊन ठेपतो. कार्य कारणात आधीच असते, असे सांख्य मानतात. न्याय-वैशेषिकांच्या मते ते नव्याने उत्पन्न होते.

वाळण्याची क्रिया जवळून पाहिल्याशिवाय या वादात शिरण्यात अर्थ नाही. ओल्या लाकडात पाणी दोन जागी असते: पेशींच्या पोकळ्यांत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळ्यांतले पाणी आधी जाते. लाकूड हलके होते, पण त्याचे माप बदलत नाही. ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतींतले पाणी सुटू लागते आणि लाकूड आकसते. ते सगळीकडे सारखे आकसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या अंगाने जेवढे आकसते, त्याच्या सुमारे निम्मे गाभ्याच्या दिशेने. लांबीत जवळजवळ नाहीच. या ओढाताणीतून गाभ्यापासून सालीकडे चिरा पडतात. शिवाय कापलेल्या टोकांतून पाणी बाजूंपेक्षा दहा-पंधरा पट वेगाने उडते. म्हणून ओंडका पडल्याबरोबर टोकांवर मेण, लाख किंवा जाड रंग थापतात, आणि फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून थप्पी सावलीत, वाऱ्याला रचतात. एक इंच जाडीला एक वर्ष, असा ढोबळ हिशेब धरला जातो.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांमागे हाच धीर आहे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब यांच्यासारख्या शिकलगार कारागिरांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, तिथे हा धंदा उभा केला. 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दांडी आणि भोपळ्यावर बसणारी तबली तुणीच्या लाकडाची. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, तेही वाळवलेले. नाशिक जिल्ह्यातही हे ज्ञान वेगळ्या रूपात नांदते. सुरगाणा-कळवणच्या डोंगरांत डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजणारी पावरी सुकवलेल्या भोपळ्याची असते. तिथे वाळवणे हे देवकार्याच्या तयारीचाच भाग ठरते.

लाकडाच्या निवडीच्या बाबतीत सांख्यांचे पारडे जड आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील एक युक्तिवाद असा की, विशिष्ट कार्यासाठी माणूस विशिष्ट द्रव्यच घेतो. कशातूनही काहीही निघत नाही. सतारीला तूण, दक्षिणेतल्या वीणेला फणस: कारागीर रोज हेच करत असतो. पतंजलीच्या योगसूत्रांच्या चौथ्या पादात याहून नेमका विचार आहे. निमित्त प्रकृतीला ढकलत नाही, ते फक्त अडसर दूर करते, जसा शेतकरी बांध फोडतो आणि पाणी आपल्या उताराने वाफ्यात शिरते. वाळवण्याचे याहून चांगले वर्णन मिळणे कठीण. ओलावा तंतूंचे कंपन पिऊन टाकतो. तो गेला की लाकडाची मूळची लवचीक ताठरता मोकळी होते.

पण इथेच थांबणे अन्यायाचे होईल. नाशिकची त्रिरश्मी लेणी ज्या परंपरेची, त्या बौद्ध परंपरेच्या संयुत्त निकायात एका राजाची कथा येते. वीणेच्या आवाजावर लुब्ध झालेला राजा म्हणतो, वीणा नको, तो आवाज आणा. खोका, चामडे, दांडी, तारा, कोण (तारा छेडायची नखी) आणि वाजवणाऱ्याचे श्रम यांच्या जुळणीतून आवाज येतो, असे त्याला सांगतात. तरीही तो वीणेचे तुकडे करतो, ते जाळतो, राख वाऱ्यावर सोडतो, आणि हाती काहीच लागत नाही. स्कंधांमध्ये, म्हणजे शरीर-मनाच्या घटकांमध्ये, ‘मी’ शोधणाऱ्याचेही असेच होते, हा तिचा रोख. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला वीणेचाच दाखला देतो, पण उलट टोकाने: सुटे स्वर पकडता येत नाहीत, वीणा किंवा वादक हाती आला की स्वरही आले. एक मूळ नाकारतो, दुसरा मुळाकडे बोट दाखवतो. वाळलेला ओंडका दोघांचीही थोडी साक्ष देतो: त्यात योग्यता आहे, सूर मात्र नाही. तार, घोडी आणि बोट आल्यावाचून तो सूर देत नाही. ‘लाकडात नाद असतो’ हे म्हणणे एवढ्या मर्यादेतच खरे आहे. त्यापुढे ते भाबडे होते.

शिवाय वाळलेले लाकूड हवेतला ओलावा पुन्हा घेते, आणि वाद्यावरच्या लाखेच्या लेपानेही हा प्रश्न मिटत नाही. चपड्याचे थर कितीही चढवले तरी ते ओलाव्याची ये-जा मंदावतात, पूर्ण थांबवत नाहीत. एरवी पंधरवड्यात होणारा बदल त्यामुळे हळूहळू होतो आणि सांधे तग धरतात. प्रकृती क्षणभरही परिणामावाचून राहत नाही, हे सांख्यांचे म्हणणे लेपाखालच्या लाकडालाही लागू पडते. त्र्यंबकेश्वराला नाशिक शहरापेक्षा पुष्कळ जास्त पाऊस पडतो. तिथे पावसाळ्यात दांडी आणि तबली किंचित फुगतात, तारांचा ताण बदलतो, आणि कीर्तनाआधी वीणा पुन्हा लावून घ्यावी लागते.