धुराचं कर्म

मेळघाटात मोह गळायला लागला की झाडाखालचा पाचोळा पेटवतात. काळ्या जमिनीवर पिवळसर फुलं चटकन दिसतात. खाली अकोला-अमरावतीच्या रानात उन्हाळ्यात धुऱ्यावरचं गवत पेटतं, पऱ्हाटी पेटते. पेटवणाऱ्याच्या मनात कुणाचंही वाईट नसतं. मग त्या धुरानं दूर कुठे काही बिघडलं, तर ते त्याचं कर्म म्हणायचं का? या प्रश्नाशी वऱ्हाडाचं जुनं नातं आहे. जैन कर्मसिद्धांताचा एक मूलग्रंथ 'षट्खंडागम' डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केला आणि त्याचा पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून छापला गेला. त्याच जैन परंपरेनं श्रावकाला, म्हणजे गृहस्थाला, वर्ज्य असे पंधरा धंदे, म्हणजे कर्मादानं, सांगितले, त्यांत रान पेटवणं, म्हणजे दवदान, वेगळं नोंदवलं आहे. जैन सूत्रकार उमास्वातींनी तर हिंसेच्या व्याख्येच्या मुळाशीच प्रमाद ठेवला. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. वैर नसतानाही माणूस हिंसेचा धनी होतो, तो इथे. माझं म्हणणं एवढंच की या बेसावधपणाची हद्द आता ध्रुवापर्यंत गेली आहे.

मेळघाटचा धूर अंटार्क्टिकावर पोचतो असं म्हणणं मात्र खोटं होईल. आपल्याकडचा वणवा बहुतेक जमिनीलगत सरपटतो, त्याचा धूर खालच्या हवेत राहतो आणि पावसानं धुऊन निघतो. ऑस्ट्रेलियात २०१९-२०च्या उन्हाळ्यात निराळंच घडलं. आगीच्या धगीनं गडगडाटी ढग उठले, त्यांनी धूर पाऊस-वाऱ्याच्या थरापलीकडे फेकला आणि पुढे उन्हानं तापत त्याचा काही भाग ३० किलोमीटरहून वर चढला. तिथे क्लोरीन आधीच साठलेला होता. फ्रीज आणि फवाऱ्यांतल्या वायूंतून माणसानंच तो वर धाडला होता, पण बराचसा हायड्रोक्लोरिक आम्लासारख्या निरुपद्रवी रूपात निपचित पडून होता. एरवी त्याला जागं करायला ध्रुवावरची उणे ७८ अंशांच्या आसपासची थंडी आणि त्या थंडीतले ढग लागतात. वातावरणशास्त्रज्ञ सुझन सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली मांडलं की धुराच्या सेंद्रिय कणांत हे आम्ल तुलनेनं उबदार हवेतही विरघळतं, क्लोरीन मोकळा होतो आणि ओझोन खातो. २०२०चं ओझोनचं छिद्र मोठं झालं आणि बराच काळ टिकलं, त्यात या धुराचा वाटा होता. दर्शनशास्त्राच्या भाषेत क्लोरीन हे उपादान, म्हणजे मूळ कारण, आणि धूर हे निमित्त. याहून नेमकं वर्णन मला सापडत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की तिथल्या कितीतरी आगी विजेनं लागल्या, मग कर्ता कोण? ठिणगी विजेची होती हे खरंच. पण क्लोरीन विजेचा नव्हता, आणि २०१९ हे त्या देशातलं नोंदींतलं सर्वांत उष्ण व सर्वांत कोरडं वर्ष होतं, त्यामागच्या तापमानवाढीत माणसाचा हात आहे. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: सगळ्यांचं सगळीकडे पोचतं म्हटलं की दोष इतका पातळ होतो की कुणालाच लागत नाही, किंवा दुबळ्याच्या माथी बसतो. मोहफुलं वेचून चार पैसे मिळवणाऱ्या कोरकू बाईला ध्रुवाचा हिशेब विचारणं मला अन्यायाचं वाटतं. पण कर्मसिद्धांत सर्वांना सारखा वाटा देतच नाही. भाव तीव्र की मंद, कृती जाणून केलेली की अजाणता, यावर कर्माचा बंध ठरतो, असं उमास्वातीच सांगतात. म्हणून जाणणाऱ्याचा वाटा मोठा. मोहाखाली पाचोळा झाडून जाळी अंथरली तर आग लावावीच लागत नाही. ती जाळी त्या बाईच्या हाती देणं हे ज्यांना धुराची वाट ठाऊक आहे त्यांचं काम. आणि तो क्लोरीन वर धाडणारी पिढी? १९८७च्या माँट्रियल करारानं नवी भर रोखली, तरी आधीचा साठा सावकाशच ओसरतो आहे. अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८०च्या पातळीवर यायला २०६६च्या सुमारापर्यंत वेळ लागेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ते वायू बिनघोर वापरणारे बहुतेक लोक तोवर हयात नसतील, आणि त्यांचं संचित तेव्हाही फिटत असेल.