न आठवणारी मिरवणूक

दिवाळीच्या सुमारास घरोघरी दोन याद्या तयार होतात. एक फराळाची आणि दुसरी सुटीतल्या सहलीची. फराळाची यादी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. भाजणीत धने किती घालायचे यावर सासू-सुनेचा वाद झालाच, तर तो वादही परंपरेला धरूनच असतो. सहलीची यादी मात्र नवी आहे, आणि तिच्याइतक्या काळजीने लिहिलेला कागद आजच्या मध्यम स्थितीतल्या घरात दुसरा सापडणे कठीण. त्यातून ठिकाण इमॅजिकासारखे असेल आणि घरात तीन-चार वर्षांचे मूल असेल, तर विचारायलाच नको. खोपोलीजवळचे हे उद्यान २०१३ साली सुरू झाले. नव्या मुंबईकरांना ते सोयीचे. कळंबोलीला द्रुतगती मार्गाला लागले की पुढे फारसा वेळ लागत नाही. पण तिथे पोचल्यावर काय करायचे, कोणत्या पाळण्यात आधी बसायचे, जेवायचे केव्हा, आणि मुख्य म्हणजे संध्याकाळच्या मिरवणुकीपर्यंत मूल जागे कसे ठेवायचे, हा खरा प्रश्न असतो.

नेरूळच्या एका घरात असा कागद मी प्रत्यक्ष पाहिला. दार उघडताच टब्बी हत्तीचा पाळणा, कारण तिथे लहान मुलांची रांग लवकर वाढते. मग घोड्यांचे चक्र. मग आईने मुलीजवळ थांबायचे आणि बाबांनी नायट्रोवर जाऊन यायचे. नंतर बाबांनी थांबायचे आणि आईने जायचे. दुपारी दीड ते तीन मुलीची झोप, या ओळीखाली तांबड्या शाईची दुहेरी रेघ होती. साडेतीनला दूध. संध्याकाळी चित्ररथ, नाच आणि सोंगे यांची मिरवणूक. त्यासाठी अर्धा तास आधी जागा धरायची. अंधार पडल्यावर दिव्यांनी उजळलेले एखादे चक्र, आणि मग परतीचा रस्ता. आजीबाई गव्हले निवडाव्यात तशा तो कागद निवडत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अरे, साडेतीन वर्षांची पोर ती. तिला काय आठवणार आहे यातलं?"

मुलगा म्हणाला, "अगं आई, फोटो असतील ना."

आजीबाईंचे बोलणे साधे होते, पण त्यात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. जो आनंद ज्याला द्यायचा त्याच्याच आठवणीत राहणार नाही, तो देण्यात अर्थ काय?

आजीबाईंच्या बाजूने शास्त्रही उभे आहे. आपल्यापैकी बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्यापलीकडे काळोख. मुलांना त्या वेळी आठवत नाही असे मात्र नाही. तीन वर्षांचे पोर गेल्या पावसाळ्यातला बेडूक तपशिलासह सांगते. पण तेच पोर आठ-नऊ वर्षांचे होईतो त्या आठवणी एकेक गळून पडतात. म्हणजे त्या कागदावरची प्रत्येक ओळ, तांबड्या रेघेसकट, पुसली जाणार हे जवळजवळ ठरलेलेच. मग एवढा खर्च, एवढी धावपळ कुणासाठी? त्यापेक्षा मुलगी दहा वर्षांची झाल्यावर न्यावी, हा व्यवहारी सल्ला झाला.

पण हाच न्याय दुःखाला लावून पाहावा. जे आठवत नाही ते झाले काय नि न झाले काय, असे म्हणायचे असेल तर तान्ह्या मुलाच्या वेदनेचे काय करणार? कल्पना करून हा प्रश्न विचारण्याची गरज नाही, कारण एके काळी माणसांनी त्याचे उत्तर आचरणात आणले होते. १९८० नंतरच्या दशकापर्यंत नवजात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर मोठमोठ्या शस्त्रक्रिया पुरेशी वेदनाशामके न देता होत असत, आणि त्याही पुढारलेल्या देशांतल्या नामांकित रुग्णालयांत. भुलीच्या औषधांचा धोका हे त्याचे एक कारण होते. पण एवढ्या लहान जिवाला वेदना कळत नाहीत आणि कळल्या तरी लक्षात राहत नाहीत, ही समजूतही त्यामागे होती. इंदूरला वैद्यकी शिकलेल्या कंवलजीत सिंग आनंद या डॉक्टरांनी ऑक्सफर्डला याचा अभ्यास केला. चांगले वेदनाशामक दिलेली बाळे शस्त्रक्रियेनंतर अधिक बरी राहतात, हे त्यांनी १९८७ साली दाखवून दिले आणि जगाची पद्धत बदलली. आज ते वाचताना अंगावर काटा येतो. आठवो वा न आठवो, त्या क्षणी ते बाळ कळवळत होते, एवढे आपल्याला पुरेसे वाटते.

वेदनेच्या बाबतीत तो क्षण पुरेसा असेल तर आनंदाच्या बाबतीत का नसावा? मोठा हत्ती दोन कान हलवत समोर आला आणि मुलगी टाळ्या पिटून हसली. ते हसणे जगात घडून गेले. ते पुढे तिच्या वहीत जमा झाले नाही म्हणून ते खोटे ठरत नाही. तसे पाहिले तर आपल्यालाही गेल्या वर्षीच्या अभ्यंगस्नानाचे पाणी किती गरम होते हे आठवत नाही. म्हणून यंदा थंड पाण्याने नाहावे असे कोणी म्हणत नाही.

इथवर आजीबाई हरल्या आणि चिरंजीव जिंकले असे वाटेल. पण माझ्या मते चिरंजीवांनी दिलेले उत्तर त्यांच्याच बाजूचे नव्हते. "फोटो असतील ना" या उत्तरात आजीबाईंचे म्हणणे त्यांनी मुकाट्याने मान्य केले होते. आनंदाला किंमत आठवणीमुळेच येते हे कबूल करून आठवणीची सोय तेवढी त्यांनी फोटोवर सोपवली. आणि घोळ होतो तो इथूनच. एकदा का फोटो हा हेतू झाला की मुलीने त्या क्षणी हसण्यापेक्षा फोटोत हसणे महत्त्वाचे होते. झोप आली असली तरी, भूक लागली असली तरी, त्या फर्‍याच्या हत्तीच्या कुशीत जायची भीती वाटत असली तरी.

मुलीच्या क्षणाला किंमत आहे असे खरोखर मानले, तर त्या दिवसाचे माप तिच्या क्षणांनीच घ्यायला हवे. मग तिकिटाचे पैसे वसूल होणे हे माप उरत नाही. तीन वर्षांच्या मुलाचे माप आपल्यापेक्षा निराळे असते, हे पाहायला खोपोलीला जायलाही नको. नेरूळला महापालिकेचे वंडर्स पार्क आहे. २०१२ साली ते उघडले. तिथे ताजमहालासह जगातल्या आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत. आईबाप मुलाला हाताला धरून त्या प्रतिकृतींपुढे उभे करतात आणि मूल पायाखालच्या मुंग्यांची रांग पाहत बसते. छोट्या आगगाडीत मात्र ते पुनःपुन्हा बसायला तयार असते. "अरे, अजून तीन आश्चर्यं राहिली," असे एक गृहस्थ काकुळतीला येऊन म्हणताना मी ऐकले आहे. मुलाच्या दृष्टीने काहीच राहिले नव्हते.

भीतीची गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. इमॅजिकात राजासॉरस या डायनोसॉरच्या नावाची एक जलसफर आहे. हा प्राणी कल्पनेतला नव्हे. त्याची हाडे गुजरातेत खेडा भागात सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मोठ्या मुलांना ही माहिती फार आवडते. लहान मूल मात्र असे काही आक्राळविक्राळ समोर आले की बापाच्या गळ्याला मिठी मारते, आणि बाप सांगतो, "घाबरू नकोस, खोटं आहे ते." त्यानंतर तासाभराने सोंग घेतलेला हत्ती येतो. त्या वेळी तोच बाप सांगतो, "बघ, खराखुरा टब्बी आला!" खरेखोटे आपल्या सोयीने वाटून देण्याचा हा कारभार मला पटत नाही. मूल खऱ्याला भिते असे नाही. ते समोर आलेल्याला भिते. खोटे आहे म्हटल्याने अंधार कमी होत नाही. तिथे एकच उपाय असतो, आणि तो म्हणजे रांगेतून बाहेर पडणे. पाऊण तास उभे राहिल्यावर बाहेर पडणे जड जाते, हे मलाही कळते.

आपल्याकडे मुलांना रात्रीचे खेळ दाखवायची रीत नवी नाही. कोकणात दशावतार रात्रभर चालतो. देवळापुढच्या अंगणात चटई टाकून मुलांना निजवलेले असते. काळ्या वेषातला संकासुर आला की कोणी तरी उठवते, किंवा मृदंगाच्या आवाजाने मूल आपसूक जागे होते, किरकिरते, पाहते आणि पुन्हा झोपते. नव्या मुंबईच्या जागी जी आगरी-कोळ्यांची गावे होती, त्यांचीही चैत्रात एकवीरेच्या पालखीला कार्ल्याला जाण्याची चाल आहे. खांद्यावर पेंगुळलेली पोरे घेऊन माणसे तिथला डोंगर चढतात. (खोपोलीचा रस्ता त्यांना १९७० साली सिडको येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता.) जुने ते सगळे सोने असे मी म्हणणार नाही. जत्रेत मुले हरवत, आकाशपाळण्याची तपासणी कोण करी हे देवीलाच ठाऊक, आणि मुलींना खेळ संपायच्या आत घरी पिटाळत. पण त्या रात्रीला एक सैलपणा होता. पहाटेपर्यंत खेळ चालणार म्हटल्यावर त्यातला एखादा प्रवेश झोपेत गेला तर गेला. उद्यानातली मिरवणूक थोडक्या वेळात समोरून निघून जाते. चुकली की चुकली. आणि ती दिवस मावळताना ठेवलेली असते, कारण दिवे अंधारात खुलतात आणि तोवर माणसे थांबून राहतात. विजेच्या दिव्यांची रात्रीची मिरवणूक कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडने १९७२ साली सुरू केली. त्यानंतर अशा मिरवणुका ठिकठिकाणी निघू लागल्या. दिव्यांना हवा असलेला अंधार आणि मुलाच्या झोपेचा अंधार एकच, ही त्यातली अडचण मात्र कोणालाच सोडवता आलेली नाही.

त्याच डिस्नेसाहेबांची एक हकीकत प्रसिद्ध आहे. शनिवारी ते आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये घोड्यांच्या चक्रावर बसवायला नेत. मुली फिरत राहत आणि हे बाकावर शेंगदाणे खात बसून राहत. आईबाप आणि मुले यांना एकत्र मौज करता येईल अशी जागा असावी, हा विचार तिथे सुचला असे ते सांगत. १९५५ साली त्यांचे उद्यान उघडले. मला या हकीकतीत त्यांचा प्रांजळपणा आवडतो. बाकावर बसून कंटाळा आला, मलाही खेळायचे आहे, असे एका बापाने उघड सांगितले. आपल्याकडे हे सांगायला माणूस लाजतो. सगळे मुलांसाठी चालले आहे असे तो म्हणतो. वस्तुतः त्या नेरूळच्या घरातल्या बापाला लहानपणी गोराईचे एस्सेलवर्ल्ड बघायचे होते. ते १९८९ साली निघाले, त्याच्या वर्गातली मुले बोटीतून जाऊन आली, आणि याच्या घरी तेवढे पैसे नव्हते. ही गोष्ट आजीबाईंनीच मला सांगितली, तो ऐकत नसताना. तांबड्या शाईची रेघ कुठून आली ते मला तेव्हा कळले.

यात लाजण्यासारखे काही नाही. मुलीला हसताना पाहण्याचा आनंद बापाचा आहे. तो त्याच्या लक्षात राहणार आहे, आणि त्यासाठी त्याने पैसे खर्चावेत हे योग्यच. अट एकच. तो खर्च पुढे मुलीच्या नावावर मांडता कामा नये. ती पंधरा वर्षांची होईल, उलट बोलेल, आणि मग घरात कोणी तरी म्हणेल, "तुझ्यासाठी काय काय केलं आम्ही! साडेतीन वर्षांची होतीस, खोपोलीला नेलं होतं, हे बघ फोटो." जिची तिला आठवण नाही, जी तिने मागितली नव्हती, त्या मिरवणुकीची पावती तेव्हा तिच्यापुढे धरली जाते. देणगीचे असे कर्ज झालेले मी अनेक घरांतून पाहिले आहे, आणि त्यात फोटोची साक्ष फार निष्ठुर असते.

राहता राहिला तांबड्या रेघेचा प्रश्न. दुपारची झोप झाली नाही, मिरवणुकीच्या ऐन वेळी मुलगी बापाच्या खांद्यावर गाढ झोपली, तर तिला उठवावे काय? आजीबाईंचे मत, मुळीच उठवू नये. चिरंजीवांचे मत, त्यासाठीच तर आलो. सूनबाई पोळ्या लाटत होत्या, त्या म्हणाल्या, "ती काय म्हणाली होती त्यावर आहे." मला हे उत्तर सर्वांत शहाणपणाचे वाटले. तिने काही मागितले नसेल तर झोपू द्यावे. बापाने खुशाल एकट्याने मिरवणूक पाहावी, आणि सोंगातल्या हत्तीने झोपलेल्या मुलीकडे पाहून हात हलवला तर तिच्या वतीने आपणही हलवावा. पण झोपण्यापूर्वी "बाबा, हत्ती आला की मला उठवा हं," असे ती म्हणाली असेल आणि बापाने हो म्हटले असेल, तर उठवायलाच हवे. ते वचन आहे, आणि उद्या ती ते विसरणार आहे म्हणून आज ते मोडता येत नाही. उठवल्यावर ती बहुधा भोकाड पसरेल, हत्तीकडे पाठ करील आणि पाणी मागेल. तेव्हा पाण्याची बाटली भरून हाताशी ठेवावी. गर्दीतून मागे फिरून पाणी आणणे त्या वेळी जमत नाही.