उसने चेहरे

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसले की जंजिरा हळूहळू अंगावर येऊ लागतो. तो पाहायला येणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात सिद्दीचा चेहरा आधीच तयार असतो. रंगाने काळा केलेला, डोळ्यांत सुरमा घातलेला, विनाकारण गडगडाटी हसणारा. हा चेहरा त्यांना पडद्याने दिलेला असतो. या संस्थानाचे राज्य १९४८ पर्यंत चालले, १९२२ नंतर काही वर्षे त्याचा कारभार कुलसुम बेगम या एका बाईने पाहिला, हे त्या चेहऱ्यात कुठे बसत नाही. आम्ही या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान, सिद्दी नव्हे. तरी त्या चेहऱ्याचा हिशेब अधूनमधून आमच्याकडेही मागितला जातो. म्हणून हा प्रश्न आमचाही आहे: इतिहासातल्या माणसाचा चेहरा कोणी लावावा?

सोपे उत्तर असे की ज्याचा चेहरा त्यानेच लावावा. सिद्दीचे काम सिद्दीने करावे, मुसलमानाचे मुसलमानाने. हे आम्हाला पटत नाही. मग नटाला उरले काय? दुसऱ्याच्या जागी उभे राहणे हाच त्याचा धंदा. ‘मुघल-ए-आझम’मध्ये (१९६०) पृथ्वीराज कपूर अकबर झाले आणि आमच्या आजोबांना अकबर म्हटले की तेच दिसत. जोधाबाई होत्या आपल्या मराठी दुर्गाबाई खोटे. सलीम होता पेशावरचा युसूफ खान, ज्याला जग दिलीपकुमार म्हणून ओळखते. कोणी कोणाची जात-जमात विचारली नाही. पुढे १९८८ मध्ये श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ मालिकेत शिवाजी महाराज झाले नसीरुद्दीन शाह आणि औरंगजेब झाले ओम पुरी. दूरदर्शनच्या त्या दिवसांत घराघरांत ही मालिका पाहिली गेली. आज हे कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही.

शेजारधर्मात उसनवारी असते. वाटीभर साखर, मूठभर मीठ. ती चालते, कारण आज आमच्याकडून गेले तर उद्या आमच्याकडे येते. चेहऱ्यांचेही तसेच आहे, असे आम्हाला वाटते. कमाल अमरोहींच्या ‘रझिया सुलतान’मध्ये (१९८३) धर्मेंद्रच्या तोंडाला काळा रंग फासून त्याला हबशी याकूत केले. धर्मेंद्र हबशी नाही, याचे आम्हाला काही वाटत नाही. वाटते ते याचे, की कोणा सिद्दी नटाला उलट्या दिशेने कधी काही मिळाले नाही. ना राजाचे काम, ना साध्या शाळामास्तराचे. नट मिळत नाहीत म्हणावे, तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजातून प्रशांत सिद्दींसारखे नट कन्नड पडद्यावर आले आहेतच. जिथे एकच घर सतत नेते आणि वाटी परत येत नाही, तिथे तिला उसनवारी म्हणत नाहीत.

अलीकडे तर दुसरी बाजू बंदच होत चालली. ‘फर्जंद’पासून (२०१८) सहा चित्रपटांत शिवराय साकारणाऱ्या चिन्मय मांडलेकरांनी २०२४ च्या एप्रिलमध्ये यापुढे ही भूमिका करणार नसल्याचे जाहीर केले. कारण काय, तर मुलाचे नाव एका मोगल बादशहाच्या नावाशी जुळते म्हणून कुटुंबाला शिवीगाळ झाली. नटाचे स्वतःचे नाव सोडाच, त्याच्या लेकराचेही नाव तपासले जाते. पुढच्याच वर्षी ‘छावा’त अक्षय खन्ना औरंगजेब झाले. ते झाले याला आमची हरकत नाही. काम जोरकस आहे. पण आमच्यातला कोणी छत्रपतींच्या पोशाखात उभा राहील, असे आज कोणता निर्माता मनात तरी आणेल?

आणि हा खेळ नुसता पडद्यावर राहत नाही. मार्च २०२५ मध्ये नागपुरात हिंसाचार झाला, तेव्हा लोकांच्या भावना या चित्रपटाने जागवल्याचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीच विधानसभेत सांगितले.

तपशिलाचा आग्रह धरणारे लोक बटणे मोजतात. पोशाखाची बटणे बरोबर असतील, पण माणूस? ‘तान्हाजी’तला (२०२०) उदयभान हा राठोड रजपूत. संवादातही तसेच येते. तरी सैफ अली खानला दिलेले काळे कपडे, डोळ्यांतले काजळ आणि ती विकट मजा पाहून प्रेक्षक रजपूत पाहत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या ‘पद्मावत’मधला खिलजी पाहतो. कानांनी ऐकलेले खरे आणि डोळ्यांनी पाहिलेले खोटे, यांत डोळेच जिंकतात. हा इतिहास आहे असे आपल्याला वाटत नाही, हे सैफने नंतर बोलून दाखवले. उशिरा का होईना, बोलला.

खरेपणाला वारस लागतो, असेही दिसते. ‘छावा’तल्या शिर्क्यांच्या चित्रणावर त्या घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. ठीक झाले. पण प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांसोबत जे दहा निवडक अंगरक्षक होते, त्यांत सिद्दी इब्राहिम होता. ‘शिवभारता’त त्याचे नाव आहे. जिवा महाला शाळकरी पोरही सांगते, आणि ते योग्यच आहे. सिद्दी इब्राहिमसाठी पत्र लिहायला कोण बसले आहे?

मात्र आम्हीही वारस म्हणून बोलायला उठलो, तर आमच्या सोयीचेच मागून चालणार नाही. उद्या आमच्यातल्या कोणी जंजिऱ्यावर चित्रपट काढला, तर अजिंक्य किल्ला, कलालबांगडी तोफ, नबाबाचा वाडा एवढेच दाखवून भागेल का? सिद्दीच्या आरमाराने याच किनाऱ्यावरची गावे लुटली, माणसे धरून नेली, तेही दाखवावे लागेल. बेट मुळात कोळ्यांच्या हातात होते, हेही. कोळीवाड्यातला प्रेक्षक तो चित्रपट पाहायला येईल, तेव्हा त्याला आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसता आले पाहिजे.

आमच्या मते पहिली परीक्षा खांदेरीची घ्यावी. १६७९ साली थळच्या समोरच्या या बेटावर मायनाक भंडारी तट उभारीत होता आणि महाराजांचे आरमार घेऊन दौलतखान त्याच्या मदतीला होता. विरुद्ध बाजूला मुंबईकर इंग्रज, आणि नंतर त्यांच्या जोडीला आला जंजिऱ्याचा सिद्दी कासम. म्हणजे एका तांड्यावर खान आणि समोरच्या तांड्यावर सिद्दी. दोघेही मुसलमान, आणि तोफा एकमेकांवर रोखलेल्या. वेशभूषाकाराने सुरमा कोणाच्या डोळ्यांत घालावा?