शुद्ध, पण कोणत्या परीक्षेत?

शेंदेलोणाच्या पाकिटांवर हल्ली ‘१०० टक्के शुद्ध, केमिकल-फ्री’ असं सर्रास छापलेलं दिसतं. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्यातलं केमिकल काढून टाकलं तर हाती रिकामं पाकीट उरेल. शिवाय ज्या गुलाबी रंगावर गिऱ्हाईक भाळतं, तो मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे अशुद्धीचाच. खुशाल खावं. फक्त शुद्धता निसर्गाकडून आयती मिळते, ही समजूत मला खटकते. रसायनशास्त्रात शुद्ध हा परीक्षेचा निकाल असतो, आणि परीक्षा बदलली की निकालही बदलू शकतो.

१७८९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं मूलद्रव्यांबाबत हेच सांगितलं होतं: पृथक्करण जिथं थांबतं, ते मूलद्रव्य. त्याच्या यादीत पुढं संयुग ठरलेला चुनासुद्धा होता. यावर वाद नाही.

गफलत होते ती क्लोरीनपाशी. शेलेनं १७७४ मध्ये हा वायू मिळवला आणि १८१० मध्ये डेव्हीनं तो मूलद्रव्य असल्याचं ‘सिद्ध केलं’, असं आपण घोकतो. पण डेव्हीनं नवं काहीच वेगळं काढलं नव्हतं. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असणारच, या लाव्हाझिएच्या सिद्धांतामुळे हा पिवळट-हिरवा वायू ऑक्सिजनचं संयुग मानला जाई. डेव्हीनं कोरड्या वायूत कोळसा बॅटरीच्या जोरावर पांढरा होईतो तापवला. ऑक्सिजन असता तर कोळशानं तो ओढून घेतला असता. तसं काही घडलं नाही. गंमत अशी, की आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक आणि तेनार यांनीही तापल्या कोळशावरून हाच वायू सोडला होता. ओलावा काढून टाकला की त्यांच्याही हाती ऑक्सिजनचा मागमूस लागेना. वायू मूलद्रव्य मानता येईल, एवढं त्यांनी लिहिलंदेखील; पण कौल दिला जुन्याच सिद्धांताला. अपयश दोन्हीकडे सारखंच. डेव्हीनं ते पुरावा म्हणून स्वीकारलं, तेही अटीवर: कुणी फोडून दाखवेपर्यंत हे मूलद्रव्य. पाठ्यपुस्तकांनी नेमकी अटच गाळली. बर्झीलियससारखा मोठा रसायनशास्त्रज्ञ पुढं कित्येक वर्षं जुन्या सिद्धांतावर अडून बसला, तो काही निव्वळ हट्टापायी नव्हे.

ती अट पोकळ नव्हती. क्लोरीन रासायनिक रीतीनं कुणाला फोडता आला नाही. पण १९२० च्या सुमारास अ‍ॅस्टनच्या अणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणात त्याचे ३५ आणि ३७ वस्तुमानांचे दोन समस्थानिक वेगळे दिसले. ३५.५ या अवघडलेल्या अणुभाराचा उलगडा झाला. शुद्धातला शुद्ध क्लोरीनही एका परीक्षेत एकजिनसी, दुसरीत मिश्रण.

क्लोरीनच्या कुळातले आयोडीन आणि ब्रोमीन वेगळे काढायला फार काळ लागला नाही. फ्लोरीननं मात्र दमवलं. १८८६ मध्ये म्वासाँनं प्लॅटिनमच्या उपकरणात तो एकदाचा मिळवला आणि फ्रेंच अकादमीची समिती खात्री करायला आली. त्या दिवशी वायूचा एक बुडबुडाही निघेना. खास पाहुण्यांसाठी म्हणून त्यानं हायड्रोफ्लोरिक आम्ल इतकं शुद्ध केलं होतं, की त्यातून वीजच वाहीना. नंतर त्यात पोटॅशियमचा क्षार मिसळला, तेव्हा कुठं फ्लोरीन बाहेर आला.