मतलबचा मतलब

आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक. शिकवण्याइतकेच आमचे आयुष्य मोजण्यात जाते. कधी मतदारयादी, कधी शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण. अशाच एका सर्वेक्षणात मोहल्ल्यातील एका वृद्ध खालांच्या दारात वही उघडून बसलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "बेटा, पिछली बार भी तुम ही लिख के ले गए थे. उसका क्या हुआ?" मागच्या वेळी त्यांच्या नातीचे नाव 'शाळाबाह्य' या रकान्यात आम्हीच लिहिले होते. त्याचे पुढे काय झाले, हे आम्हालाही ठाऊक नव्हते. मुलगी आत भांडी घासत होती.

तेव्हापासून एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. एखाद्याच्या घरात जाऊन त्याचे दुःख मोजले, की मोजणारा त्याचे काही देणे लागतो काय? की मोजणे हे निव्वळ ज्ञानाचे काम आहे, आणि ज्ञान कुणाचेच कर्जदार नसते?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला बांगलादेशातील एक ठिकाण आठवते. चांदपूर जिल्ह्यात, मेघनेच्या खोऱ्यात ते आहे आणि योगायोगाने त्याचे नावच मतलब आहे. उर्दूत मतलब म्हणजे अर्थ. मराठीत मात्र मतलबी म्हटले की स्वार्थी माणूस डोळ्यांपुढे येतो. या एकाच शब्दात आमचा सारा प्रश्न मावतो. संशोधकांना तिथे अर्थ हवा होता, की मतलब साधायचा होता?

ढाक्यात 1960 साली पटकीच्या संशोधनासाठी एक प्रयोगशाळा सुरू झाली. तिचीच पुढे आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्र ही मोठी संस्था झाली. या प्रयोगशाळेने 1963 पासून मतलबमध्ये लशीच्या चाचण्या घेतल्या आणि 1966 पासून तिथल्या माणसांची सलग नोंद ठेवली. कोण जन्मले, कोण मेले, कोण लग्न होऊन गेले, कोण गाव सोडून गेले, सारे वहीत येऊ लागले. दोन लाखांहून अधिक माणसांच्या इतक्या दीर्घ नोंदी गरीब जगात फारच थोड्या ठिकाणी सापडतील.

आता अवघड भाग येतो. 1977 साली मतलबचे दोन भाग करण्यात आले. एका भागात माता-बालसंगोपन आणि कुटुंबनियोजनाच्या जादा सेवा घरपोच मिळू लागल्या. दुसऱ्या भागात नेहमीची सरकारी सेवा तेवढी होती. मोजणी मात्र दोन्हीकडे सारखीच झाली. दुसऱ्या भागातील आईने, "माझ्याकडे फक्त वही का आली?" असे विचारले असते, तर काय उत्तर द्यायचे?

संशोधकाचे उत्तर आम्ही हलके मानत नाही. तुलना केल्यावाचून उपाय खरा की खोटा हे कळत नाही, आणि खोटा उपायही माणसे मारतो. जुलाब लागले की रोग्याचे पाणी तोडणारी घरे आपल्याकडेही होती. त्यामागे माया होती, पण ती मोजून पाहिलेली नव्हती. पटकीची टोचून घ्यायची जुनी लस थोडाच काळ आणि अर्धवटच संरक्षण देते, हेही अशा चाचण्यांतूनच पक्के झाले. म्हणजे मोजणे पाप नाही. न मोजता उपदेश करणे हे कधी कधी मोठे पाप असते.

पण तेवढ्याने देणे फिटत नाही. ते कसे फिटते, याचे एक उदाहरण याच संस्थेच्या इतिहासात आहे. पटकीत शरीरातील पाणी आणि क्षार वाहून जातात, पण साखरेबरोबर मीठ शोषून घेण्याची आतड्याची शक्ती शाबूत राहते. या आधारावर डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी 1968 साली ढाक्याच्या प्रयोगशाळेच्या कामात दाखवून दिले, की तोंडाने दिलेल्या पाण्यावर शिरेतून द्यायच्या सलाइनची गरज पुष्कळ कमी होते. 1971 च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांत कालवून रोग्यांच्या नातलगांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होते, ते चारच्याही खाली आले. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो, ती हीच.

तरीही प्रयोगशाळेतले ज्ञान आईच्या हातात आपोआप जात नाही. बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेच्या बायका 1980 ते 1990 या काळात एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत गेल्या. त्यांच्याकडे पुडी नव्हती. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढाच त्यांचा धडा. पुढे तपासनीस काही घरी जाऊन आयांना तो धडा विचारत, करून दाखवायला सांगत. आईला किती आले, त्यावर शिकवणारीचा पगार ठरे. आम्हा बी.एड. झालेल्यांनी हे वाचून मान खाली घालावी. आमचा पगार आमच्या हजेरीवर ठरतो.

इथे आम्हाला मतलबचा मतलब सापडतो. ज्या घरातून आकडा उचलला, त्याच घरात तो गुळामिठाच्या भाषेत परत आला, तर मोजणे ही अमानत ठरते. तो परदेशी नियतकालिकाच्या पानावरच राहिला, तर ती उचल ठरते आणि उचल फेडावी लागते.

हे देणे एकट्या संशोधकाचेही नाही. 2025 च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि ढाक्याच्या या संस्थेतील हजाराहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. पटकीचे जंतू खाडीच्या पाण्यात सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि समुद्र तापतो तशी त्यांना वाढायला जागा मिळते. समुद्र तापवणारा धूर मेघनेकाठच्या झोपड्यांतून फारसा निघालेला नाही. जलसंजीवनीने मात्र जगभरातील कोट्यवधी मुले वाचवली. बंगालच्या रोग्यांच्या शरीरातून मिळालेले ज्ञान जगाने वापरले. तेव्हा मदत आटवताना जग देणगी थांबवत नसते, हप्ता चुकवत असते.

जगाचा हप्ता जग पाहील. आमचा आम्हाला भरायचा होता. एका रविवारी वही न घेता आम्ही खालांच्या घरी गेलो. नात आता बारा वर्षांची आहे, वाचता येत नाही, आणि तिला पाचवीच्या वर्गात लहान मुलांत बसायची लाज वाटते, हे त्या दिवशी कळले. वहीत त्यासाठी रकाना नव्हता. सध्या ती शाळा सुटल्यावर तासभर आमच्याकडे येते. अलिफ, बे संपले आहे. खालांच्या प्रश्नाचे हे पुरते उत्तर नव्हे. त्या वहीत आणखी एकेचाळीस नावे आहेत.