बिल समान वाटलं की मैत्री समान होते का?

समजा, पुण्यात प्रभात रस्त्याच्या बाजूला फ्रेंच धाटणीचं एक छोटं रेस्टॉरंट आहे. सहा मित्र, त्यातल्या एकाचा वाढदिवस. चौघं आयटीतले, आणि एक बाभुळगावचा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. तो मेन्यूची उजवी बाजू आधी वाचतो, 'फारशी भूक नाही' म्हणतो आणि सूप मागवतो. शेवटी वाढदिवसवाल्याला सोडून बिल पाच जणांत वाटलं जातं. पाचही जण आपापला वाटा यूपीआयने भरतात. यात कुणाचं काही चुकलं का?

हिशेबात तर नाहीच. पण हिशेब बरोबर आला म्हणजे न्याय झाला का?

गंमत म्हणजे, असा सुटा हिशेब रेस्टॉरंटसोबतच आला. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये हा शब्द आधी अंगात ताकद आणणाऱ्या रश्शाला वापरत; पुढे तो विकणाऱ्या जागेला तेच नाव पडलं. खाणावळीत सगळे एकाच टेबलावर, ठरलेल्या दरात जेवायचे. इथे वेगळं टेबल, मेन्यू आणि ज्याचं त्याचं बिल आलं. आपल्या पंगतीत वाढणारा आग्रह करतो, दर सांगत नाही.

अर्थात पंगतीलाही हिशेब असतो. लग्नातली आहेराची वही आठवा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हेच मांडलं: देणं, घेणं आणि परत करणं, तिन्ही बंधनंच आहेत. पण आहेर लगेच फेडत नाहीत. समोरच्याच्या घरी कार्य निघेपर्यंत थांबतात, आणि तेवढा काळ नातं बांधलेलं राहतं. मी कोड लिहितो, त्यामुळे ॲपचा स्वभाव ओळखून आहे: बाकी शून्य झाली की त्याच्या लेखी विषय संपला.

मग चौघांनीच पाचव्याचे पैसे भरावेत? एखाद्या वेळी जरूर. पण दरवेळी भरले आणि त्याला परत करायला जागाच ठेवली नाही, तर आपलं औदार्य त्याला लहान करतं.

मला वाटतं, मैत्रीतली समानता रकमेत नसते, पाळीत असते. आज तुझी, उद्या माझी, आणि माझी माझ्या ऐपतीप्रमाणे. हिवाळ्यात बाभुळगावच्या शेतात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, ही त्या बिलाची पुरेपूर परतफेड आहे. फक्त त्यासाठी चौघांनी सुट्टी काढून, रात्रभर प्रवास करून तिथवर जायला हवं. त्याची पाळी खाण्याची आपली तयारी नसेल, तर त्याला आपल्या पाळीला बोलावण्यात काय अर्थ?