पितृऋणाची दुसरी बाजू

पितृऋण म्हटले की पूर्वजांनी आपल्यावर केलेले उपकार आपल्या मनात येतात. घर, जमीन, नाव आणि प्रतिष्ठा आपण त्यांच्याकडून घेतो व त्याबद्दल कृतज्ञ राहतो. परंतु पूर्वजांनी इतरांचे जे हिरावून घेतले, त्याचे ऋणही वारसाच्या माथी येते काय? या प्रश्नाचा विचार करताना व्हर्जिनियातील जमीनदार रॉबर्ट कार्टर (तिसरे) यांचे चरित्र आम्हांस उद्बोधक वाटते.

कार्टर यांचा जन्म १७२८ चा. तंबाखूची शेती, अफाट जमीन आणि शेकडो गुलाम यांच्या बळावर त्यांचे आजोबा 'किंग' कार्टर या नावाने ओळखले जात. १७३२ मध्ये वडील व आजोबा दोघेही निवर्तले आणि चार वर्षांचा हा मुलगा मोठ्या संपत्तीचा वारस झाला. पुढे १७५८ मध्ये ते गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. पत्नी फ्रान्सिस, सतरा अपत्ये, समृद्ध ग्रंथालय आणि संगीताची आवड यांनी त्यांचे नोमिनी हॉल हे निवासस्थान गजबजलेले असे. ज्यांच्या श्रमांवर हे वैभव उभे होते, ती माणसे मात्र कायद्याने त्याच घराची मालमत्ता होती.

१७७८ मध्ये कार्टर बाप्टिस्ट पंथात गेले. १७८२ च्या कायद्याने मालकांना गुलाम मुक्त करण्याची मुभा दिली. ५ सप्टेंबर १७९१ रोजी त्यांनी न्यायालयात दानपत्र दाखल केले. माणसांना गुलामीत ठेवणे धर्म व न्याय यांच्या विरुद्ध आहे, असे त्यात नमूद करून साडेचारशेहून अधिक जणांच्या क्रमाक्रमाने मुक्ततेची व्यवस्था त्यांनी केली. शेजारी रुष्ट झाले, आप्तांनी अडथळे आणले. १७९३ मध्ये ते बाल्टिमोरला गेले आणि १८०४ मध्ये तेथेच वारले. मुक्ततेचे काम मात्र त्यानंतरही चालू राहिले.

मुलांच्या हक्काचे धन पित्याने परस्पर द्यावे काय, असा आक्षेप येथे घेता येईल. आमच्या मते त्याचे उत्तर सरळ आहे. जे मुळातच आपले नव्हते, ते मुलांना देण्याचा अधिकार पित्यास नसतो. म्हणून 'दानपत्र' हा शब्दही आम्हांस खटकतो. ती परतफेड होती. शिवाय ती हप्त्याहप्त्याने झाली. कित्येकांना, विशेषतः लहान मुलांना, वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. हा दोष झाकण्याचे कारण नाही.

तरीही समकालीनांशी तुलना केली म्हणजे कार्टर यांचे मोल कळते. वॉशिंग्टन यांनी आपल्या गुलामांची मुक्तता १७९९ च्या मृत्युपत्रावर सोपवली. सर्व माणसे समान आहेत असे लिहिणाऱ्या जेफर्सन यांनी मोजक्याच जणांना मुक्त केले. त्यांच्या मृत्यूनंतर कर्जफेडीसाठी १८२७ मध्ये मॉन्टिसेलो येथे माणसांचा लिलाव झाला. कार्टर यांनी तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहिला नाही. पूर्वजांच्या अन्यायाची किंमत त्यांनी हयातीतच, स्वतःच्या संपत्तीतून मोजली.

पूर्वजांचा गौरव करणे सोपे असते, कारण त्यात आपल्या पदरचे काही जात नाही. त्यांचे देणे फेडताना मात्र जाते. आणि वारसा आपण खरोखर स्वीकारला की नाही, हे तेथेच ठरते.